तिठ्यावरची लिंबं

गोदाकाकीच्या परड्यात लिंबाचं झाड नव्हतं. ही गोष्ट वाडीतल्या प्रत्येकाला माहीत होती आणि चवदा वर्षं कुणाच्याही ध्यानात आली नव्हती.

खाडीच्या तोंडाशी आमची खारव्यांची वाडी. जमीन वाळूची, पाणी खारं, वारा खारा. इथं माड उभा राहतो, लिंबू मरतं. लिंबं येतात ती घाटावरून, बैलगाडीतल्या पोत्यांतून, आणि रत्नागिरीच्या बाजारातून परस्पर वरच्या आळीत जातात. आमच्या कालवणाला आंबटपणा आमसुलाचा. असं असूनही गोदाकाकीच्या फळीवर लिंबाच्या लोणच्याच्या चार बरण्या बारमास असत, आणि चुलीमागच्या मडक्यात कोरड्या वाळूत पुरून ठेवलेली ताजी लिंबं असत. आम्ही सगळे, मी धरून, बोटं चाटत खात होतो. मिळत होतं तोवर विचारायचं कुणाला सुचलं नाही.

काकी ठेंगणी, अंगानं वाळलेली, आवाज मात्र मचव्यावरून हाक मारावी तसा. पहाटे टोपली डोक्यावर घेऊन मासे विकायला वर जायची आणि बारा वाजता यायची. आल्यावर आधी लिंबाच्या सालीनं हात चोळायची, कोपरापर्यंत. मग उरलेल्या सालींनी पितळी तांब्या घासायची. साल टाकून दिलेली मी कधी पाहिली नाही. कुणाला ओकारी लागली, जुलाब लागले, की काकीकडे माणूस पळायचा. ती पाणी उकळून कोमट करायची, त्यात गूळ, मीठ आणि लिंबू पिळायची आणि चमच्याचमच्यानं पाजत तासभर बसायची. घाईनं पाजलं तर उलटून पडतं, म्हणायची. वाडीतल्या काशीला दिवस गेले तेव्हा तिच्या तोंडाला चव म्हणून राहिली नव्हती. पाच वर्षं मुरून काळं झालेलं लोणचं पेजेबरोबर देऊन काकीनं तिला महिनाभर जगवलं. उकडलेल्या पेडव्या माशांवर लिंबाचे चार थेंब आणि वर चिरडलेली हिरवी मिरची, हे तर तिच्याच घरी खावं. औषध का रांधणं, हा फरक तिच्या डोक्यात नव्हताच.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक भीती होती. ती मला तिनंच सांगितली, एकदा, जाळं विणत बसलो असताना.

तिचा नवरा लवू बसऱ्याला जाणाऱ्या गलबतावर खलाशी होता. एका खेपेला महिनोन् महिने भात आणि सुकी मासळी खाऊन त्याच्या हिरड्या सुजल्या, काळ्या पडल्या, नडगीवरची वीस वर्षांची बुजलेली जखम आपोआप उघडली. बरोबरचे म्हणाले, दर्यातल्या भुतानं धरलंय. मस्कतच्या धक्क्यावर एका म्हाताऱ्या नाखव्यानं त्याच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि टोपलीभर लिंबं समोर ठेवली. सालीसकट खा म्हणाला. आठ-दहा दिवसांत लवूचं रक्त थांबलं. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "गोदे, गलबतावर तांदूळ विसरले तर चालेल. लिंबू विसरू नको."

पुढच्या खेपेला बाजारात लिंबं नव्हती. घाटातला रस्ता खचला होता, गाड्या आल्या नव्हत्या. गोदाकाकी दोन दिवस दारोदार हिंडली. लवू तसाच गेला. परत आले ते बाकीचे, आणि त्यांनी तिला सांगितलं की शेवटी त्याचे दात त्याच्याच ओंजळीत पडत होते.

"तेव्हापासून मला झोपेत पण लिंबं दिसतात," ती म्हणाली. "मचवा निघाला की मी मनात परत परत मोजत बसते. दिलंय ते पुरेल ना, असं."

तिचा एकच नेम होता. वाडीचा कुठलाही मचवा लिंबांशिवाय खाडीबाहेर जाणार नाही. एक बरणी लोणचं, एक मडकं वाळूतली लिंबं. लवू गेल्याच्या वर्षापासून हा नेम एकदाही मोडला नव्हता.

सन तेहतीसच्या दसऱ्यानंतर हरिश्चंद्र तांडेलाचा मचवा मंगळुरी कौलं आणायला दक्षिणेकडे निघाला. सात माणसं होती. त्यात माझा धाकटा भाऊ रघू. काकीनं बरणी आणि मडकं नेहमीसारखं नाळेजवळ, मचव्याच्या पुढच्या टोकाला, बांधून घेतलं. भाऊबीजेला परत यायचं ठरलं होतं.

भाऊबीज गेली. त्याआधीच, पाडव्याच्या दिवशी, दर्या उठला. कार्तिकात असा वारा मी कधी पाहिला नव्हता. तीन दिवस दक्षिणेकडून नुसता घोंघावत होता, माडांच्या झावळ्या उत्तरेकडे ताणून धरल्यासारख्या दिसत होत्या. चौथ्या दिवशी थांबला, आणि मग जे आलं ते वाऱ्याहून वाईट. वाडी किनाऱ्यावर येऊन दक्षिणेकडे बघत उभी राहू लागली. मी गिरणीतल्या नोटिसा वाचत वाचत अक्षरं शिकलेला माणूस. मुंबईत संपात पोलिसांच्या लाठ्या खाल्लेल्या. तिठ्यावर उभा राहून भुताखेतांच्या विरुद्ध व्याख्यानं देतो म्हणून वाडी मला 'पुढारी' म्हणून चिडवते. पण त्या दिवसांत आईनं "रघू येईल ना रे?" विचारलं की मी पाणी आणायला म्हणून बाहेर निघायचो.

आणि त्यातच काशीनं मागं वळून पाहिलं.

काशी हरिश्चंद्राची बायको. नवरा दर्यात, आणि घरात तीन वर्षांची लीला तापानं फणफणलेली. सासूनं शनिवारी तिन्हीसांजेला मुलीवरून उतारा काढला. दहीभात, तीन मिरच्या, एक लिंबू, वर कुंकू. पत्रावळीवर घालून काशीला तिठ्यावर पाठवलं. तिठा म्हणजे जिथं वाडीची पायवाट, शहराचा रस्ता आणि मसणवाट एकत्र येतात. नियम सगळ्यांना पाठ आहे. उतारा ठेवायचा, परत फिरायचं, मागं वळून बघायचं नाही, घरी येऊन पाय धुवेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. जो कुणी तो उतारा ओलांडेल किंवा उचलेल, त्याच्या अंगाला तो रोग चिकटतो. म्हणून आमच्याकडे सकाळी तिठ्यावरून चालताना माणूस पायाखाली बघून चालतो.

काशीनं उतारा ठेवला आणि वीस पावलं चालली. मागं काहीतरी खुडबुडलं. कुत्रं असेल म्हणून ती वळली. संधिप्रकाशात गोदाकाकी वाकलेली होती. तिनं लिंबू उचललं, पदराला पुसलं, बोटांनी दाबून पाहिलं आणि टोपलीत टाकलं.

काशी धावत घरी आली आणि पाय न धुताच बोलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळासमोर वाडी जमली. रावजी गावकर पायरीवर बसला. साठी उलटलेला, वाडीचा मानकरी, शब्द तोलून बोलणारा.

"गोदे," तो म्हणाला, "काशी सांगते ते खरं?"

"काय सांगते?"

"तिठ्यावरचं लिंबू उचललंस."

"उचललं."

"का?"

"चांगलं होतं म्हणून."

माणसं चुळबुळली. रावजी पुढं वाकला. "हे पहिल्यांदा?"

"नाय. लवू गेला तेव्हापासून. पहाटे जाताना उचलते. काल टोपली रिकामी करून येताना उशीर झाला, सांज झाली, तेव्हा गावलं." काकीनं डोक्यावरचा पदर नीट केला. "कुंकू लागलेलं चालतं, धुतलं की जातं. कापलेलं मात्र मी घेत नाय. त्यातला रस उडून गेलेला असतो."

ती हे इतक्या सरळ बोलली, भाजी निवडताना बोलावं तसं, की आधी कुणाला काही उमगलंच नाही. मग कुणीतरी मागून हळू विचारलं, "म्हणजे लोणचं?"

काकीनं होय म्हणून मान हलवली. तेवढं पुरलं.

मी माणसं घाबरलेली पुष्कळ पाहिली आहेत. गिरणीला आग लागली तेव्हा पाहिली. पण एवढी शांत घाबरलेली पाहिली नव्हती. प्रत्येकजण आपल्या पोटात काय गेलंय ते मोजत होता. बारशाला खाल्लेलं, श्राद्धाला खाल्लेलं, तापात पेजेबरोबर खाल्लेलं. शहरातल्या अनोळखी माणसांचे चवदा वर्षांचे रोग, ओवाळून टाकलेले, आणि आम्ही ते भाताबरोबर कालवून खाल्ले. एकजण म्हणाला, माझं गुडघं उगाच नाय दुखत. एक बाई म्हणाली, माझी गाय गेली ती यानंच. गायीला लोणचं दिलं होतंस काय, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. दोन माणसं देवळाच्या मागं जाऊन ओकली. आता खरं लिहायचं तर तिसरा मी होतो. पोट माझं व्याख्यानं ऐकत नव्हतं.

तोंड पुसून मी परत आलो आणि ओरडलो, "चवदा वर्षं खाल्लंत. मेलात काय?"

रावजीची आई, दात पडलेली म्हातारी, कोपऱ्यातून म्हणाली, "मेले ते बोलायला येतील होय रे, पुढारी?"



मग ज्याची सगळ्यांना भीती होती ते एकानं बोलून टाकलं. "मचव्यावर बरणी गेली आहे. सात माणसं ते खातायत."

बायकांत रडणं सुरू झालं. माझी आई माझ्याकडं न बघता काकीकडं बघत होती, आणि त्या बघण्यात मला जे दिसलं ते मी लिहिणार नाही. रावजीच्या भावानं विचारलं की देवाला कौल लावू या काय. आमच्याकडे देवाच्या मूर्तीला कळ्या चिकटवतात; उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. रावजीनं मान हलवली.

"कौल नको," तो म्हणाला. "डावा पडला तर मग काय करायचं?"

देवाला विचारायचीसुद्धा भीती. मग माझं डोकं सटकलं. माझ्या रागाला जागा कळत नाही, ही माझी जुनी खोड आहे.

"काशी," मी म्हणालो, "तू हे बघितलंस कसं? उतारा ठेवून मागं वळायचं नसतं ना? का तो नियम तांडेलाच्या बायकोला नाय?"

सगळी वाडी एकदम काशीकडे वळली. मला एक क्षण जिंकल्यासारखं वाटलं. मग मी काशीचा चेहरा पाहिला. ओठ पांढरे झाले होते. तापलेली पोरगी कडेवर, तिला तिनं इतकं घट्ट धरलं होतं की पोरीनं कण्हून अंग वाकवलं. काशीला ते रात्रभर ठाऊक होतं. उतारा तिनंच बिघडवला होता, नियम तिनंच मोडला होता, आणि नवरा तिचा दर्यात होता. कुणीतरी पुटपुटलं, "मग दोघींचं आहे हे." कुणीतरी एक पाऊल काशीपासून मागं सरलं.

"मी हाक मारली तिला," गोदाकाकी म्हणाली.

"काय?" रावजी म्हणाला.

"मी मारली हाक. काशी, म्हटलं, पोरीचा ताप कसा आहे. म्हणून वळली. हाक मारल्यावर माणूस वळणार नाय तर काय करणार? तिचा दोष नाय."

काशीनं तोंड उघडलं. काकीनं तिच्याकडं एकदाच बघितलं आणि काशीनं तोंड मिटलं.

रावजीला तेवढंच हवं होतं. एक माणूस, एक दोष. त्यानं निवाडा दिला. त्रिपुरी पुनवेपर्यंत वाट बघायची. तोवर मचवा आला तर आला. नाही आला, तर गोदेनं वाडी सोडून जायचं, खाडीपलीकडे, परत न येण्यासाठी. काकीनं "बरं" म्हटलं आणि निघाली. मी तिच्या मागं गेलो.

"काकी, खोटं कशाला बोललीस? तिनं तुला घरादारातून काढलं."

"तिचा नवरा दर्यात आहे," ती न थांबता म्हणाली. "दर्यात नवरा असताना बाईला काय होतं ते मला माहीत आहे. तुला नाय. आधीच ती भ्यालेली, वर तू तिच्यावर वाडी सोडलीस. व्याख्यान तिठ्यावर देत जा रे मेल्या. तिथं कुणी नसतं."

ते आठ दिवस मला अजून आठवतात. तिठ्यावरून जायचं सोडून माणसं चिखलातून वळसा घालू लागली. घराघरातल्या बरण्या चिमट्यात धरून बाहेर निघाल्या आणि खाडीत गेल्या. मग खाडीच्या त्या भागात कुणी जाळं टाकेना. माशांनी ते लोणचं खाल्लं असेल, आणि ते मासे आपण. काकीचे मासे वरच्या आळीत खपत होते, तिथं हे पोचलं नव्हतं. वाडीत मात्र तिच्या दारावरून जाताना बायका पोरांचे डोळे झाकत. रोज पहाटे आम्ही किनाऱ्यावर दक्षिणेकडे बघत उभे राहायचो. शीड दिसलं की गुडघाभर पाण्यात जायचो आणि ते दुसऱ्याच कुणाचं निघायचं. काकी आमच्यापासून लांब, एकटी, खडकावर येऊन बसायची. तिचं कुणीच नव्हतं त्या मचव्यावर. आणि तरी तिच्याइतकं घाबरलेलं मला तिथं कुणी दिसलं नाही. एकदा मी जवळ गेलो तर ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"मडक्यात तीस होती," ती म्हणाली. "सात माणसं. माणशी चार, आणि दोन वर. भाऊबीजेपर्यंतचा हिशोब होता माझा. आता काय करत असतील?"

माझ्या घरातली बरणी मी फेकली नाही. ठेवलीही नाही. आईसमोर घरात ठेवायची छाती झाली नाही आणि फेकायला लाज वाटली, म्हणून मी ती मागच्या कुडाबाहेर कोनाड्यात सरकवली. पाचव्या दिवशी काकी तिकडून चालली होती. बरणीशी थांबली.

"बाहेर ठेवलीस?"

मी बरणीवरची धूळ पुसली.

"निदान उन्हात तरी ठेव," ती म्हणाली. "मुरेल."

लीलाचा ताप सहाव्या दिवशी उतरला. कशानं ते मला ठाऊक नाही. वाडीला आपापल्या सोयीचं ठाऊक होतं. काशी दारात बसून असायची.

त्रिपुरी पुनवेला देवळासमोरची दीपमाळ पेटली. वारा नव्हता, ज्योती सरळ उभ्या होत्या. मचवा आला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर काकीनं बोचकं बांधलं. तिला कुणी सांगायला गेलं नव्हतं. बोचक्यात दोन लुगडी, पितळी तांब्या आणि एक रिकामं मडकं. भरलेल्या बरण्या तिनं चुलीपाशी ओळीनं मांडून ठेवल्या होत्या, झाकणं फडक्यानं बांधून. मी बोचकं घ्यायला हात पुढं केला तर तिनं दिलं नाही. वाडी आपापल्या दारात उभी होती, आणि आम्ही दोघं भाट्याच्या तरीकडे, होडीच्या धक्क्याकडे, चाललो.

तरीवर धोंडू होडीवाला होता. पलीकडे नेणारी ती एकच होडी. काकीला बघून त्यानं वल्हं उभं केलं.

"हिला नाय नेणार," तो मला म्हणाला.

"रावजीनं जायला सांगितलंय."

"रावजीनं जायला सांगितलंय. मला न्यायला नाय सांगितलं. माझी होडी मधोमध बुडाली तर रावजी येईल काढायला?"

"अरे, खाडी ही एवढी."

"एवढी असली म्हणून काय झालं. मला पोहता येतं, तिला येतं काय? चवदा वर्षांचे रोग अंगावर आहेत तिच्या. होडीला वजन होतं."

मी त्याची गचांडी धरली. काकी म्हणाली, "सोड त्याला. भ्यालाय तो." आणि बोचकं ठेवून ती तरीच्या दगडावर बसली. वाडी तिला ठेवायला भीत होती आणि तरीवाला तिला न्यायला. माझ्या आयुष्यात मी कधी इतका हताश झालो नव्हतो. मलाही आता वाटू लागलं होतं की रघू गेला. मी गुडघ्यांत डोकं घालून तिच्या शेजारी बसलो.

किती वेळ गेला कोण जाणे. काकी म्हणाली, "ते काय रे?"

ती दक्षिणेकडे बघत नव्हती. उत्तरेकडे, दीपगृहाच्या डोंगराखाली बघत होती. सगळी वाडी बारा दिवस ज्या बाजूला बघत होती त्याच्या बरोबर उलट. डोंगराचा कडा वळून एक मचवा येत होता. डोलकाठी मोडलेली, तिच्या जागी परबाण, शिडाची आडवी काठी, उभी करून बांधलेली, आणि त्यावर फाटक्या शिडाचा तुकडा. नाळेवर कुणीतरी उभा होता. चालण्यावरून नाही, उभं राहण्यावरून मी ओळखला. रघू, एक खांदा खाली टाकून.

मचवा वाळूला लागला तोवर वाडी धावत आली होती. दक्षिणेच्या वाऱ्यानं त्यांना रत्नागिरीवरून लांब बाहेरून उडवत दाभोळच्याही वर नेऊन टाकलं होतं. डोलकाठी पहिल्याच दिवशी गेली. कौलं निम्मी समुद्रात टाकली. मग दिवसचे दिवस वाऱ्याची वाट बघत पडून राहिले. दाभोळच्या तोंडाशी गोडं पाणी भरून घेतलं आणि कसेबसे किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली आले. सातही जण होते. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, पण आपल्या पायांनी उतरले.

हरिश्चंद्र कमरेपर्यंत पाण्यात उतरला. काशी समोर उभी होती. तो तिच्याकडे बघून हसला, पोरीच्या गालाला ओला हात लावला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "गोदाकाकी कुठाय?"

माणसं बाजूला झाली.

त्याला ती तरीच्या दगडावर दिसली. तो रिकामं मडकं घेऊन तिच्यापाशी गेला. माणसं मागोमाग, जरा अंतर ठेवून.

"काकी, पिपातलं पाणी सडलं होतं," तो म्हणाला. "तोंडात धरवेना, असा वास. लिंबू पिळलं तरच घशाखाली जात होतं. शेवटी माणशी एक फोड ठेवली होती, सकाळी चाटायची आणि परत गुंडाळून ठेवायची. रघूनं आपली साल पण खाल्ली."

"आणि बिया," रघू म्हणाला.

"लोणचं?" काकीनं विचारलं.

"भात होता तोवर लोणचं होतं. नुसतं लोणचं खाऊ दिलं नाय मी, तहान लागते."

"बरोबर केलंस," काकी म्हणाली. तिनं मडकं हातात घेतलं, आत हात घालून वाळू चाचपली, आणि मग ते मडकं छातीशी धरून ती रडायला लागली. लवू गेला तेव्हासुद्धा ती रडली नव्हती म्हणतात.

हरिश्चंद्र गोंधळला. "आणि हे बोचकं कसलं? कुठं निघालीस?"

मी तोंड उघडणार तोच रावजी मधे आला. "कुठं नाय," तो घाईघाईनं म्हणाला. "पोरं उपाशी आहेत, घरी चला आधी." आणि खाली वाकून वाडीच्या गावकरानं आपल्या हातानं काकीचं बोचकं उचललं. धोंडू उगाच होडीतलं पाणी उपसत होता, होडी कोरडी असताना.

त्या सात जणांना आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. मी सांगणार होतो. मला ते हरिश्चंद्राच्या तोंडून वाडीच्या तोंडावर फेकायचं होतं. काकीनं दम दिला. म्हणाली, ते परत त्या मचव्यावर चढणार आहेत. चढताना त्यांच्या पोटात नसती भीती कशाला घालतोस. म्हणून हे मी आता लिहितो आहे. वाडीत वाचता येणारा मी एकटाच.

काकीची कुणी माफी मागितली नाही. आठवड्यानं एकेकजण रिकामी बरणी घेऊन तिच्या दारात येऊ लागला, नवीच घेतली होती जणू. ती भरून देत होती. लिंबं कुठली, ते अजून कुणी विचारत नाही. फरक एवढाच, की आता आपण विचारत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. मी तिन्हीसांजेला तिठ्यावर होतो, दुसऱ्या दिवशीच्या सभेचा कागद तिथल्या वडाला चिकटवत. काशी येताना दिसली, हातात पत्रावळ. हरिश्चंद्र परत मंगळूरकडे निघायचा होता, त्याच्यावरून काढलेला उतारा असणार. माझ्या व्याख्यानांचा तिच्यावर तिळभर परिणाम झालेला नाही, हे मला दिसलं, आणि रागही आला. मी वडामागं सरकून उभा राहिलो. तिला माझी भीती वाटू नये म्हणून.

तिनं पत्रावळ खाली ठेवली. दहीभात, मिरच्या. मग इकडेतिकडे न बघता ती चार पावलं बाजूला गेली, जिथं दगडाच्या कडेला कुणाचा पाय पडत नाही. कमरेचं फडकं सोडलं. फणसाची दोन मोठी पानं काढली, जमिनीवर पसरली आणि त्यावर लिंबं मांडली. पाच होती. पिवळी, घट्ट, न कापलेली. एकालाही कुंकू नव्हतं.

ती उठली आणि वाडीकडे चालू लागली. वळली नाही. मान इतकी ताठ धरली होती की मागून बघणाऱ्यालाही तिचं भ्या दिसावं.

पहाटे मी मुद्दाम तिथून गेलो. दहीभात कुत्र्यांनी खाल्ला होता. फणसाची पानं तिथंच होती, रिकामी, एकावर एक नीट ठेवलेली, वर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एक खडा.